गॅसबत्ती मुलांच्या हाती देताना

१६ मे २०२१ चा तो रविवार गोव्यात कुणी विसरणार नाही. तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेले, माड आणि आंबे विजेच्या तारांवर आडवे झाले, आणि आमच्या वाड्यावर वीज आली ती चौथ्या दिवशी. दुसऱ्या रात्री इन्व्हर्टर बसला, मोबाईल बंद पडले, मेणबत्त्या संपल्या. तेव्हा चौदा वर्षांच्या भाच्याने माळ्यावरच्या पितळी वस्तूकडे बोट दाखवून विचारले, "मावशी, ती पेटता?"

ती तात्यांची गॅसबत्ती. तात्या म्हणजे माझे चुलते. अंत्रुज महालातल्या, म्हणजे फोंडा तालुक्यातल्या, जत्रांच्या नाटकांना ते वर्षानुवर्षे बत्त्या पुरवत. रंगमंचाच्या दोन्ही अंगांना बांबूवर त्यांच्या बत्त्या टांगलेल्या असत आणि अंक पडला की तात्या पंप मारायला जात. हे मी लहानपणी इतक्या वेळा पाहिले होते की मला ते येते असेच मी धरून चालले. बत्ती खाली काढली, रॉकेल ओतले, पंप मारला, काडी लावली. पिवळा जाळ दोन हात वर उसळला. आईने ओले गोणपाट टाकले म्हणून पडवीचे वासे वाचले.

दुसऱ्या दिवशी तात्या आले. ऐंशी उलटलेले, हात थरथरणारे. त्यांनी बत्तीला हात लावला नाही. खुर्चीत बसून फक्त सांगत राहिले, आणि त्यातले निम्मे शब्द "थांब, अजून तापली नाही" हेच होते. त्या रात्री आमच्या अंगणात जो उजेड पडला तो पाहायला अर्धा वाडा जमला.

तेव्हापासून दर दिवाळीच्या सुट्टीत मी पाच-सहा मुलामुलींना कंदील आणि गॅसबत्ती शिकवते. तुमच्याही माळ्यावर अशी एखादी बत्ती असेल आणि घरातल्या, वाड्यावरच्या किंवा शाळेतल्या मुलांना ती शिकवावीशी वाटत असेल, तर पुढचे सगळे तुमच्यासाठी आहे. माझ्याकडून झालेल्या चुका तुमच्याकडून होऊ नयेत एवढीच इच्छा.

१. आधी कंदील, मग बत्ती

मुलांना थेट गॅसबत्ती दाखवण्याचा मोह होतो, कारण तिचा थाट मोठा. तरीही सुरुवात वातीच्या कंदिलापासूनच करा. काच कशी उचलायची, वात किती वर ठेवायची, काजळी का धरते, गरम वस्तूला हात कुठे लावायचा नाही, हे सगळे कंदील शिकवतो, आणि चुकले तर फार तर काच काळी होते किंवा तडकते.

जुन्या घरांत अजून कंदील सापडतात. कराडजवळच्या ओगलेवाडीच्या काच कारखान्याचा प्रभाकर कंदील एके काळी मराठी मुलखात घरोघरी होता. तसा मिळाला तर तो मुलांच्या हाती जरूर द्या. आपल्याच भागात काच ओतून कंदील बनत होते हे त्यांना माहीतच नसते. तो नसला तर आजही हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा साधा कंदील चालतो.

पहिली संध्याकाळ अशी जाऊ द्या. प्रत्येक मुलाने स्वतः वात कापायची, अगदी सरळ आणि कोपरे किंचित गोल. नवी वात रॉकेल भरल्यावर पंधरा-वीस मिनिटे भिजू द्यायची. पेटवल्यावर ज्योत आधी बारीक ठेवायची आणि काच तापली की हळूहळू मोठी करायची. गार काचेवर एकदम मोठी ज्योत आली की काच तडकते. दुसऱ्या दिवशी सकाळी काच धुवायची, तीही पूर्ण गार झाल्यावर. जे मूल काच न फोडता तीन दिवस हे करते, ते बत्तीकडे यायला तयार झाले.

वयाचे माझे गणित असे आहे: मोठे माणूस शेजारी असेल तर कंदील दहाव्या वर्षापासून, गॅसबत्ती चौदाव्यापासून. बारा वर्षांची हुशार मुले रडकुंडीला येतात तरी मी ढळत नाही. दाबाखालचे रॉकेल हा वेगळा प्रकार आहे.

२. बत्ती चालते कशी, हे समजावणे

घरात आजी असेल तर हे काम तिच्याकडे द्या. तिने पंपाचा स्टो वापरलेला असतो. काकडा लावणे, पंप मारणे, पिन मारणे हे शब्द तिच्या तोंडात बसलेले असतात, आणि गॅसबत्ती ही त्या स्टोचीच बहीण आहे. धूर न करणारा दाबाचा स्टो स्वीडनमध्ये फ्रान्स लिंडक्विस्ट याने १८९२ मध्ये बाजारात आणला. प्रायमस हे नाव तिथलेच. पुढे १९१० च्या सुमारास बर्लिनच्या एरिश अँड ग्रेट्झ कंपनीत माक्स ग्रेट्झने त्याच तत्त्वावर दिवा घडवला. पेट्रोलियममधला 'पेट्रो' आणि त्याचा स्वतःचा 'माक्स' मिळून पेट्रोमॅक्स झाले. आपल्याकडे मग कुठल्याही कंपनीच्या बत्तीला पेट्रोमॅक्सच म्हणू लागले.

आत काय होते ते एवढेच. टाकीत हवा कोंबली की रॉकेल उभ्या नळीतून वर चढते. ती नळी तापलेली असली तर रॉकेलची वाफ होते. ही वाफ निपलच्या केसाएवढ्या भोकातून जोराने बाहेर पडते, वाटेत हवा ओढून घेते आणि मेंटलमध्ये, म्हणजे ज्योतीभोवती बांधलेल्या जाळीच्या छोट्या पिशवीत, निळ्या ज्योतीने जळते. ज्योतीला स्वतःचा उजेड फारसा नसतो. उजेड देते ते तापलेले मेंटल. आणि जळत्या मेंटलच्या उष्णतेने नळी तापलेली राहते, म्हणून पुढचे रॉकेल आपोआप वाफ होत जाते. हे चक्र एकदा सुरू झाले की बत्ती स्वतःच स्वतःला सांभाळते. ते सुरू करून देणे एवढेच आपले काम.

मेंटलची गोष्ट मुलांना फार आवडते. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या रसायनशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये मेंटलचे पहिले पेटंट घेतले. पुढे त्याला नेमके मिश्रण सापडले: ९९ भाग थोरियम ऑक्साइड आणि १ भाग सेरियम ऑक्साइड. थोरियम मिळते मोनाझाइट नावाच्या वाळूतून, आणि ही वाळू आपल्याच पश्चिम किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला, तेव्हाच्या त्रावणकोरात आहे हे १९०९ मध्ये शोम्बेर्ग या जर्मन रसायनतज्ज्ञाला कळले, तेही तिथून गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या कणांवरून. मी दर वर्षी मुलांसमोर सुंभाचा तुकडा झटकून दाखवते. "हो उजवाड खंयच्यान येता?" (हा उजेड कुठून येतो?) असे एका मुलीने विचारले होते, त्याचे निम्मे उत्तर त्या सुंभात आहे.

३. बत्ती निवडताना

माळ्यावर असेल तर उत्तम. विकत घ्यायची तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात फेरी मारा, फोंडा-मडगावच्या जुन्या भांडीवाल्यांना विचारा. मुंबईला जाणे झाले तर चोरबाजार आहेच. तिथे मात्र चकाकत्या पितळेला भुलू नका. जुने नाव ठोकून नव्याने बनवलेल्या, फक्त दिवाणखान्यात ठेवण्याजोग्या बत्त्या खूप विकल्या जातात.

विकत घेण्याआधी हे पाहा:

- टाकीचा तळ आणि सांधे. डाग देऊन बुजवलेले ठिगळ दिसले तर घेऊ नका. पोचा चालेल, चीर चालणार नाही.
- लोहचुंबक जवळ न्या. पितळ असेल तर चिकटणार नाही. चिकटले तर पत्र्यावर मुलामा आहे.
- पंप ओढून सोडा. दांडा वाकलेला नसावा.
- बत्ती चालू-बंद करायचे चाक फिरते का? अडकले असेल तर जोर करू नका, आतली सुई मोडते.
- उभी नळी आणि निपल जागेवर आहे का? काच, जाळी, झाकण नंतर मिळते. नळीचे आटे जुळणारा भाग मिळणे कठीण.

काच फुटलेली असेल तर निराश होऊ नका, अभ्रकाची नळी बसते.

रेल्वेने आणणार असाल तर टाकी पूर्ण रिकामी, हवा सोडलेली आणि वास जाईपर्यंत वाळवलेली हवी. ज्वालाग्राही पदार्थ रेल्वेत न्यायला बंदी आहे. बसमध्येही हेच पाळा.

४. सामान आणि परवानग्या

एका संध्याकाळच्या वर्गासाठी मी हे जमवते:

- पांढरे, स्वच्छ रॉकेल. रेशनचे असते ते निळे, खुल्या विक्रीचे पांढरे. आदल्या दिवशी काचेच्या बरणीत ओतून ठेवावे. पाणी असेल तर तळाशी वेगळे दिसते.
- नळी आधी तापवायला मिथिलेटेड स्पिरिट आणि ते घालायला सुई नसलेली १० मिलीची सिरिंज.
- बारीक जाळीचे नरसाळे.
- दोन-तीन जादा मेंटल. एक नक्की फुटते.
- निपलची पिन, निपलची चावी, पंपाचे जादा चामडे, रबरी वायसर.
- शिवणयंत्राचे तेल.
- दोन बादल्या कोरडी वाळू, दोन ओली गोणपाटे.
- पाण्याची वेगळी बादली आणि तांब्या, भाजले तर लगेच हात बुडवायला.
- आगकाड्या. लायटर नको, बोटे ज्योतीच्या फार जवळ येतात.

पालकांची लेखी संमती घ्या. ओळखीची मुले असली तरीही घ्या. देवळाच्या प्रांगणात करणार असाल तर देवस्थान समितीला आधी विचारा. शाळेत करायचे तर मुख्याध्यापकांचे पत्र आणि एक शिक्षक पूर्ण वेळ हजर असावा.

मुलांचे कपडे सुती हवेत. ओढणी नको, केस घट्ट बांधलेले हवेत. पाच मुलांमागे किमान दोन मोठी माणसे. एकटीने वर्ग घ्यायचा नाही, हा नियम मी कधी मोडत नाही.

रॉकेल आणि स्पिरिट शीतपेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत कधीही ठेवू नका. लहान मुले पाणी समजून पितात. तसे झालेच तर उलटी करायला लावू नका, कारण उलटीबरोबर रॉकेल फुप्फुसात जाते. १०८ ला फोन करा आणि मुलाला थेट इस्पितळात न्या.

आणि पेट्रोल कधीच नाही. थोडेसुद्धा मिसळायचे नाही. रॉकेल साधारण पस्तीस-चाळीस अंशांच्या वर गेले तरच त्याची वाफ ठिणगीने धरते. पेट्रोलची वाफ शून्याखालच्या थंडीतही धरते. पेट्रोल भरलेली गॅसबत्ती म्हणजे हातात धरलेला बॉम्ब. "रॉकेल मिळाले नाही म्हणून थोडे घातले" हे वाक्य म्हणणाऱ्या माणसाला मी बत्तीजवळ उभे राहू देत नाही. मुलांकडूनही हे मी तीनदा म्हणवून घेते.

गोव्यात हमखास येणारा प्रश्न: स्पिरिटऐवजी फेणी चालेल का? नाही. फेणीत निम्म्याहून अधिक पाणी असते. कशीबशी पेटली तरी नळी तापत नाही.

५. गार बत्तीची तपासणी

पहिल्या दिवशी बत्ती पेटवायचीच नाही. मुले हिरमुसतात, पण याच दिवशी ती सगळ्यात जास्त शिकतात.

टाकी रिकामी करून वरचा भाग उतरवा. उघडी राहणारी तोंडे नीट बंद करा, पंप मारा आणि टाकी पाण्याच्या बादलीत धरा. बुडबुडे कुठून येतात ते मुलांना शोधू द्या. सायकलचे पंक्चर पाहतात तसेच. झाकणाचा वायसर, पंपाची मान आणि नळीचा सांधा या तीन जागांतून बहुतेक वेळा हवा जाते. नवा वायसर घातला की काम झाले. तळातून किंवा सांध्यातून बुडबुडा आला तर ती टाकी शोभेची, पेटवायची नाही.

पंप मारताना हाताला जोरच लागत नसेल तर आतले चामडे वाळले आहे. ते काढून शिवणयंत्राच्या तेलात रात्रभर ठेवा, मग बोटाने कडा बाहेर पसरून बसवा. दांडा आपोआप वर ढकलला जात असेल किंवा पंपात रॉकेल येत असेल तर पंपाच्या तळाची झडप गेली. तिच्यात बारीक रबर असते, तेवढे बदलावे लागते. जुन्या स्टो-दुरुस्तीवाल्याला हे दहा मिनिटांचे काम आहे, आणि असे कारागीर फोंड्यात, म्हापशात अजून भेटतात. मुलांना त्यांच्याकडे घेऊन जा. आमच्या मुलांनी एका आजोबांच्या दुकानात दोन तास काढले आणि घरी जायला तयार होईनात.

पितळ साफ करण्याविषयी एक कळकळीची सूचना. समया आपण चिंचेने किंवा भिंडाच्या (कोकमाच्या) सोलांनी लख्ख करतो, तशी हौस टाकीवर नको. अमोनिया असलेले पॉलिश तर मुळीच नको. जुन्या, ताणाखालच्या पितळेला त्याने बारीक चिरा पडतात आणि त्या दाबाखाली उघडतात. साबणाचे पाणी, मऊ फडके, पूर्ण कोरडे करणे, बस. जुनी बत्ती थोडी काळवंडलेलीच शोभते.

६. मेंटल बांधणे

चिनी मातीच्या नोझलला खाच असते. मेंटलचा दोरा त्या खाचेत बसवायचा, चुण्या सगळीकडे सारख्या करायच्या, दोन गाठी मारायच्या आणि उरलेला दोरा कापून टाकायचा. एका बाजूला चुण्या जास्त झाल्या तर मेंटल वाकडे फुगते आणि काचेकडे झुकते. हे काम मुलींची आणि मुलांची बोटे आपल्यापेक्षा छान करतात.

नवे मेंटल म्हणजे औषधात भिजवलेले कापड. पहिल्यांदा पेटले की कापड जळून जाते आणि मागे फक्त ऑक्साइडचा सांगाडा उरतो, राखेइतका नाजूक. त्यानंतर त्याला बोट लावायचे नाही आणि बत्ती आपटायची नाही. जुन्या मेंटलमधले थोरियम अगदी सौम्य किरणोत्सारी असते. दूरवरून काही होत नाही, पण फुटलेल्या मेंटलची धूळ श्वासात जाता कामा नये. तुटलेले मेंटल ओल्या कागदात गुंडाळून टाका, फुंकर मारू नका, नंतर हात धुवा. मुलांसाठी मी यिट्रियमची, थोरियम नसलेली मेंटलच घेते. पहिली जाळणी उघड्यावरच करा, तिचा धूर वाईट असतो.

७. तापवणे

आता सगळ्यात महत्त्वाचे. बत्तीचे जेवढे अपघात मी ऐकले किंवा पाहिले, माझा स्वतःचा धरून, ते बहुतेक इथेच झाले.

रॉकेल साधारण दीडशे ते तीनशे अंशांच्या दरम्यान उकळते. म्हणजे नळी तेवढी तापलेली नसेल तर निपलमधून वाफ येत नाही, पातळ रॉकेलच उडते. ते मेंटलवर सांडते, खाली ठिबकते आणि पेटते. तोच तो पिवळा जाळ. यात बत्तीचा दोष काहीच नसतो, तिला वेळ दिलेला नसतो एवढेच.

क्रम असा ठेवा:

अंगणात मोकळी, सपाट, वाऱ्याआडची जागा घ्या. मांडवाखाली नको, चतुर्थीला फळा-पानांनी बांधलेल्या माटोळीखाली नको, चुडतांच्या म्हणजे माडाच्या झावळ्यांच्या छपराजवळ तर नकोच. वर निदान दोन पुरुष उंचीचे मोकळे आकाश हवे.

टाकी तीन-चतुर्थांशच भरा. वर हवेला जागा हवी. तोंडोतोंड भरली तर पंप दोन झटक्यांत कडक होतो आणि बत्ती दहा मिनिटांत मंदावते. सांडलेले रॉकेल पुसा आणि डबा दहा पावले लांब ठेवा.

झाकण घट्ट करा, पण त्यावरचा हवा सोडण्याचा स्क्रू उघडाच ठेवा. टाकीत दाब नसला की तापवताना रॉकेल वर चढण्याचा प्रश्नच नाही. पेट्रोमॅक्सच्या जातीच्या बत्त्यांत चाकावरचा बाण वर असला की बंद, खाली असला की चालू. चाक एकदा पूर्ण फिरवून घ्या, आतली सुई निपल साफ करते.

सिरिंजने नळीच्या बुडाशी असलेल्या छोट्या वाटीत स्पिरिट घाला, काठाच्या थोडे खालीपर्यंत. सिरिंज आणि बाटली लांब नेऊन ठेवा, मगच काडी. स्पिरिटची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. "विझले वाटते" म्हणून पेटत्या वाटीत बाटलीतून पुन्हा ओतायला गेलात तर ज्योत धारेवरून बाटलीत शिरते. म्हणून मी वर्ग नेहमी दिवेलागणीनंतर घेते, म्हणजे निळी ज्योत डोळ्यांना दिसते.

पहिली वाटी पूर्ण जळू द्या. साधारण दोन मिनिटे लागतात. मग वाटी गार होईपर्यंत थांबा, दोन-तीन मिनिटे. ज्योत खरेच गेली का ते तळहात वरून दूर धरून पाहा. मग दुसरी वाटी भरा. बरेच जण एका वाटीत काम भागवतात आणि अनुभवी माणसाला ते जमते. मुलांसोबत मात्र मी कायम दोन वाट्या जाळते. गोव्याच्या दमट, वाऱ्याच्या हवेत एक वाटी कमी पडते.

या वेळात मुलांना गप्प बसायला सांगू नका, काहीतरी सांगा. मी जत्रेच्या नाटकाच्या गोष्टी सांगते. रात्रभर चालणारा प्रयोग, विंगेत पंप मारणारे तात्या, राजाच्या मुकुटावर पडलेला पांढरा लखलखाट. सहा-सात मिनिटे कशी जातात ते कळत नाही, आणि कुणाचा हात पंपाकडे जात नाही.

८. पंप आणि उजेड

दुसऱ्या वाटीतली ज्योत विझायला आली, लहान होऊन काठाशी थरथरू लागली की स्क्रू बंद करा, बाण खाली करा आणि पंपाचे दहा-पंधरा सावकाश झटके मारा. एक जण टाकी धरतो, एक पंप मारतो. मेंटल स्पिरिटच्या शेवटच्या ज्योतीनेच "भप्" करून धरते. ज्योत आधीच विझली असेल तर लांब काडी तयार ठेवा आणि आधी काडी मेंटलजवळ नेऊन मगच बाण खाली करा. उलट केले तर जमलेली वाफ एकदम पेटते आणि मेंटल फुटते.

पहिला अर्धा मिनिट उजेड पिवळट, डळमळता असतो. पंप चालू ठेवा, दाबमापकाच्या लाल रेघेपर्यंत, त्याच्यापुढे नाही. मग तो सूंऽऽ असा आवाज लागतो आणि अंगण पांढरे होते. त्या क्षणी बोलू नका, मुलांना पाहू द्या.

एक लिटर रॉकेलवर ५०० कँडलपॉवरची बत्ती साधारण आठ तास जळते. अधूनमधून दाब पाहून पंप मारायचा. झाकण भयंकर तापते, कडी सोडून कुठेही हात लावू नये. आणि बत्ती बंद खोलीत कधीच नको. ती प्राणवायू खाते आणि कोंडलेल्या हवेत कार्बन मोनॉक्साइड जमतो, ज्याला वास नसतो.

९. विझवणे

फुंकर नाही, पाणी नाही. हवा सोडण्याचा स्क्रू हळूहळू उघडा, दाब गेला की उजेड मंद होत विझतो. तोंड आणि आजूबाजूची उघडी ज्योत लांब ठेवा, त्या हवेबरोबर रॉकेलचे तुषार येतात. गरम बत्तीचे झाकण उघडायचे नाही, गरम बत्तीत रॉकेल भरायचे नाही. रात्री मध्येच संपली तर अर्धा तास कंदिलावर काढा. म्हणून तर कंदील आधी शिकवला.

१०. बिघडले तर

पिवळा जाळ वर आला: स्क्रू उघडून दाब सोडा, चाक बंद करा, मागे सरका. न थांबले तर ओले गोणपाट, वाळू. पाणी ओतू नका, रॉकेल त्यावर तरंगत पसरते. मग पूर्ण गार होऊ द्या, सांडलेले पुसा आणि तापवण्यापासून पुन्हा सुरू करा. अर्धवट तापलेल्या बत्तीला "एवढ्यात धरेल" म्हणत पंप मारत राहणे हीच ती चूक.

उजेड श्वास घेतल्यासारखा कमी-जास्त होतो: निपलमध्ये कचरा किंवा रॉकेलमध्ये पाणी. चाक झटक्यात एक फेरा फिरवा. तरीही होत असेल तर विझवून, गार करून निपल काढा आणि पिन मारा.

मेंटलवर काळे डाग: दाब कमी किंवा हवा कमी. लाल रेघेपर्यंत पंप मारा, डाग बहुतेक वेळा जळून जातात.

मेंटलला भोक: लगेच विझवा. भोकातून निघालेली ज्योत काच तडकवते.

कुणाला भाजले तर वीस मिनिटे वाहत्या, साध्या पाण्याखाली धरा. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही.

११. काम वाटून द्या

पहिल्या वर्षी सगळे मीच केले आणि मुले टीव्ही पाहावा तशी बसून राहिली. दुसऱ्या वर्षी प्रत्येकाला एक काम दिले: एक रॉकेल गाळणारा, एक मेंटल बांधणारी, एक घड्याळ पाहणारा, एक पंपावर, एक वाळूच्या बादलीपाशी. दर दिवशी कामे बदलायची. वाळूच्या बादलीपाशी सगळ्यात धीट मुलाला उभे करा, त्याला थांबायची सवय लागते.

चौथ्या दिवशी मी खुर्चीत बसते आणि एकही शब्द बोलत नाही. मुलांनी एकमेकांना सांगायचे. कुणी चुकत असेल आणि त्यात धोका असेल तरच मध्ये पडायचे.

मोठी झालेली काही मुले बत्ती घेऊन रात्री शेतात बेडूक पकडायला जायचे म्हणतात, कारण पूर्वी लोक जायचे. त्यांना स्पष्ट सांगा की वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे, आणि पावसाळ्यात बेडूक नसतील तर शेतातले किडे कोण खाईल तेही सांगा. बत्ती वापरायला इतर जागा भरपूर आहेत. आमची मुले गेल्या वर्षी जत्रेच्या नाटकाला तात्यांची बत्ती घेऊन गेली. विजेचे दिवे होतेच, तरीही नांदीपुरती ती एका बांबूवर टांगली.

१२. ठेवून देताना

पावसाळ्याआधी टाकी रिकामी करा. महिनोन्महिने राहिलेले रॉकेल चिकट होते आणि निपल बंद करते. चामड्याला तेलाचे दोन थेंब. स्क्रू किंचित उघडा, म्हणजे वायसर दबून राहत नाहीत. समुद्राजवळ राहत असाल तर लोखंडी जाळी आणि कडीला तेलाचा हात फिरवा, खारी हवा ती वर्षभरात खाते. मेंटल काढू नका, पण काच वेगळी काढून कापडात गुंडाळा. बत्तीच्या दांड्याला एक चिठ्ठी बांधून ठेवा: शेवटचे कधी पेटवली, कुठला वायसर बदलला, निपल कुठल्या मापाचे. आमच्या बत्तीवरची चिठ्ठी आता भाचा लिहितो.